युरोपच्या सहलीत व्हिसा कुठल्या देशाचा काढायचा?

नाकाडोंगरीहून निघा की मुंबईहून, नियम एकच. शेंगेन व्हिसावर युरोपातले २९ देश फिरता येतात, पण अर्ज जिथे सर्वाधिक दिवस राहणार त्या देशाकडेच करायचा. फ्रान्समध्ये ३, स्वित्झर्लंडमध्ये ४ आणि इटलीत २ दिवस असतील, तर अर्ज स्वित्झर्लंडकडे. दिवस समान असतील, तर आधी जिथे उतरणार त्या देशाकडे.

खरी अडचण लंडनची. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, त्याचा व्हिसा वेगळा. सिंगल एंट्री शेंगेन व्हिसावर पॅरिसहून रेल्वेने लंडनला गेलात, तर त्याच व्हिसावर परत पॅरिसला येता येत नाही. म्हणून लंडन सहलीच्या सुरुवातीला किंवा शेवटी ठेवा, नाहीतर मल्टिपल एंट्री मागा.

शेंगेनचा अर्ज ६ महिने आधीपासून करता येतो. व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारी तिकिटं काढू नका.