गिडियनचा वकील

अमेरिकेतल्या फौजदारी कोर्टांत गरीब आरोपीच्या बाजूने लढणाऱ्या सरकारी पगारी वकिलाला ‘पब्लिक डिफेंडर’ म्हणतात. खटला भरते सरकार, आणि त्या सरकारशी भांडणाऱ्या वकिलाचा पगारही सरकारच देते. अमेरिकी घटनेतून जे जे उभे राहिले, त्यात मला ही व्यवस्था सर्वांत मोलाची वाटते. सत्ताविभाजनाचे गोडवे पुष्कळ गायले जातात; पण सामान्य माणसाची सत्तेशी खरी गाठ पडते ती आरोपी म्हणून न्यायाधीशापुढे उभे राहिल्यावर.

वकिलाचा हक्क 1791 च्या सहाव्या दुरुस्तीतच आहे. मात्र पहिल्या दहा दुरुस्त्यांचा लगाम केंद्र सरकारपुरता होता. यादवी युद्धानंतर, 1868 साली, चौदावी दुरुस्ती आली आणि रीतसर न्यायप्रक्रियेचे बंधन राज्यांवरही पडले. तरीही 1942 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेट्स खटल्यात निकाल दिला, की प्रत्येक गरीब आरोपीला राज्याने वकील द्यायलाच हवा असे नाही. आणि बहुतेक फौजदारी खटले चालतात ते राज्यांच्याच कोर्टांत.

जून 1961. फ्लोरिडातल्या पनामा सिटीत एक पूलरूम फोडला गेला. सिगारेटच्या यंत्रातली चिल्लर आणि थोडी दारू गेली. आळ आला क्लॅरन्स अर्ल गिडियनवर. पूर्वी तुरुंग भोगलेला, पन्नाशीचा, कफल्लक माणूस. त्याने वकील मागितला. फ्लोरिडाच्या कायद्यात देहान्ताच्या गुन्ह्यांपुरतीच ती सोय होती, म्हणून कोर्टाने नकार दिला. गिडियनने आपला खटला आपणच लढवला आणि त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली.

तुरुंगातून त्याने सर्वोच्च न्यायालयाला अर्ज केला. रेघांचा कागद, वर तुरुंगाचे नियम छापलेले, आणि खाली शिसपेन्सिलीने लिहिलेला मजकूर. न्यायालयाने तो दाखल करून घेतला आणि एब फोर्टास या नामांकित वकिलाला त्याची बाजू मांडायला नेमले. विशेष म्हणजे बावीस राज्यांनी गिडियनच्या बाजूने म्हणणे मांडले. 18 मार्च 1963 ला नऊही न्यायमूर्तींनी एकमताने त्याला कौल दिला. निकाल लिहिला ह्यूगो ब्लॅक यांनी. 1942 मध्ये विरोधी मत नोंदवणारे तेच.

निकालाने गिडियन सुटला नाही, त्याला फक्त नवा खटला मिळाला. मला हा भाग मूळ निकालाइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण वकील नेमके काय करतो ते इथे दिसते. एका टॅक्सीवाल्याने साक्ष दिली, की ‘मला नेलेस हे कुणाला सांगू नकोस,’ असे गिडियन त्या पहाटे म्हणाला होता. कुणालाही संशय यावा असेच ते बोलणे. बचावाचे वकील फ्रेड टर्नर यांनी विचारले, यापूर्वीही तो असे म्हणायचा का? टॅक्सीवाला म्हणाला, हो, नेहमीच. त्याचे बायकोशी खटके उडायचे. एका प्रश्नात त्या साक्षीतली हवा गेली. मुख्य साक्षीदार पहाटे तिथे कशाला उभा होता, यावरूनही टर्नर यांनी त्याला उलटतपासणीत पुरते घेरले. ज्युरीने तासाभरात गिडियनला निर्दोष ठरवले.

फ्लोरिडाने 1963 मध्येच राज्यभर पब्लिक डिफेंडर नेमले; पुढे इतर राज्यांतही ही सोय वाढत गेली. आपल्याकडे मोफत विधी साहाय्याचे कलम 39-अ घटनेत 1976 साली आले. तुरुंगातल्या गरिबाला अपिलासाठी सरकारी खर्चाने वकील मिळालाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये बजावले ते ‘होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणात.

अमेरिकेत आज पब्लिक डिफेंडरांची मोठी तक्रार आहे ती हाताबाहेर गेलेल्या खटल्यांची. एकेकाच्या टेबलावर इतक्या फायली, की पुष्कळदा अशिलाशी नीट बोलायलाही सवड नाही. टर्नर यांच्यासारखी तयारी तिथे व्हायची कशी? शिवाय गिडियनचा निकाल फौजदारी खटल्यांपुरताच. घर खाली करण्याचा दावा झाला किंवा देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू झाली, तर सरकारी खर्चाने वकील मागण्याचा हक्क या निकालाने मिळत नाही. न्यूयॉर्क शहराने 2017 साली कायदा करून गरीब भाडेकरूंना तो देऊ केला. अशी तजवीज नसलेल्या शहरांत घरमालकाच्या वकिलापुढे भाडेकरूला पुष्कळदा एकट्यानेच उभे राहावे लागते.