लकव्याच्या पोटात किती आजार

तोंड वाकडे झाले की घरात पहिला शब्द उच्चारला जातो तो लकव्याचा. एका बाजूचा हातपाय गळाला तरी लकवा, आणि दोन्ही पायांतला अशक्तपणा दिवसागणिक वर वर सरकत गेला तरी लकवाच. या एका शब्दात किमान चार वेगळी दुखणी कोंबलेली आहेत. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते आणि पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, हे पहिले. वाहिनी फुटून मेंदूत रक्त साचते, हे दुसरे. चेहरा हलवणारा चेतातंतू कानाजवळच्या हाडातल्या अरुंद वाटेत सुजतो, ती बेल्स पाल्सी. तिथे मेंदू धडधाकट असतो. आणि प्रतिकारशक्ती स्वतःच्याच चेतातंतूंवर उलटते, तो गुइलेन बॅरे सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस. पहिल्यात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. दुसऱ्यात तेच इंजेक्शन जीवावर बेतेल. तिसऱ्यात तीन दिवसांच्या आत स्टेरॉइड सुरू करणे फायद्याचे असते आणि बहुतेक रुग्ण सावरतात. चौथ्यात श्वासाचे स्नायू दमत तर नाहीत ना, यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते.

यावर सुचवला जाणारा उपाय सोपा आहे: हे जुने शब्द अशास्त्रीय, ते टाकून द्या. अर्धांगवायू, कंपवात, धनुर्वात या सगळ्यांत वाताची उपपत्ती बसली आहे आणि आधुनिक वैद्यकाच्या कारणमीमांसेत तिला जागा नाही, हे खरेच. पण तेवढ्याने शब्द निकामी होत नाही. धनुर्वात जखमेतून शिरलेल्या जंतूच्या विषाने होतो, त्याचा वाऱ्याशी काडीचा संबंध नाही. तरीही हा शब्द एकाच आजाराकडे बोट दाखवतो आणि गंजका खिळा लागला की कोणते इंजेक्शन घ्यायचे ते शाळकरी मुलालाही ठाऊक असते. उलट ‘लकवा’ शब्दात चुकीची उपपत्ती नाही, दिसते तेच तो सांगतो, आणि तरी तो घात करतो. तेव्हा आजाराच्या नावाची कसोटी त्याची व्युत्पत्ती नव्हे. उपचारासाठी जे वेगळे करायला हवे ते नाव वेगळे करते का, एवढेच विचारायचे.

याच कसोटीवर कंपवात नापास होतो. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली लंडनमध्ये ‘थरथरत्या लकव्या’वर निबंध लिहिला. पुढे पॅरिसचे डॉक्टर शार्को यांनी या नावालाच हरकत घेतली. त्यांच्या काही रुग्णांत थरथर नव्हतीच, आणि ज्याला लकवा म्हणावे अशी दुर्बलताही नव्हती. होता तो ताठरपणा आणि हालचालींचा मंदपणा. म्हणून त्यांनी आजाराला पार्किन्सन यांचे नाव दिले. हा निव्वळ सत्कार नव्हता. चुकीच्या वर्णनापेक्षा काहीच वर्णन नसलेले नाव बरे, असा हिशेब त्यात होता. आपल्याकडे मात्र हात थरथरला की कंपवात. पार्किन्सनची थरथर बहुधा हात मांडीवर स्वस्थ असताना दिसते. कप उचलताना हात कापतो ती बहुतेकदा वेगळीच व्याधी असते, ती अधिक आढळते आणि तिची औषधेही निराळी.

माणसांच्या नावांवरून ठेवलेली नावे सामान्यांना काय बोध देणार, हा आक्षेप रास्त वाटतो. जीबीएसचेच पाहा. गुइलेन, बॅरे आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी १९१६ मध्ये दोन सैनिकांतला हा आजार नोंदवला; बिचारे स्ट्रोल नावातून गळाले. या नावातून मराठी माणसाला काहीही कळत नाही. पण २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात रुग्ण वाढले, तेव्हा काही आठवड्यांत दूषित पाणी, पायांतला अशक्तपणा आणि व्हेंटिलेटर यांची सांगड या तीन अक्षरांशी घातली गेली. अर्थ शब्दात नव्हता, वापराने तो आला. ‘लकव्याची साथ’ असे म्हटले असते तर पाण्याची टाकी तपासायची कुणाला सुचले असते?

‘फिट’ या शब्दाची गत आणखी विचित्र. बेशुद्ध पडणे, तापात मुलाला येणारे झटके, साखर उतरल्याने होणारी थरथर हे सगळे फिटमध्ये जमा होते. पण लिहिता लिहिता काही सेकंद हरवणारे मूल त्यातून सुटते आणि लक्ष नाही म्हणून बोलणी खाते, खरे तर तीही एपिलेप्सी, म्हणजे अपस्मार, असू शकते. इथे नाव बदलण्यामागे लाजेचेही कारण असते. मलय भाषेत एपिलेप्सीला डुकराचे वेड म्हणत. ते नाव सोडले गेले ते योग्यच झाले. मात्र नवे नाव तेच जुने गाठोडे वाहत असेल तर लाजही त्यातच राहते. आपल्या विवाह कायद्यांत एपिलेप्सी ही विवाहातली बाधा होती. १९९९ च्या दुरुस्तीने ती काढली. योग्य औषधोपचार मिळाले तर दहापैकी सुमारे सात रुग्णांचे झटके थांबू शकतात, तरी कायदा सगळ्यांना एकाच शब्दाने अपात्र ठरवत होता.

निदान हे डॉक्टरांचे काम, घरच्यांनी शब्दांचा कीस का काढावा, असे कुणी म्हणेल. गुठळी की रक्तस्राव हे सीटी स्कॅनशिवाय डॉक्टरलाही ठरवता येत नाही, हे मान्य. पण पहिले नाव घरीच पडते आणि रुग्ण मोठ्या रुग्णालयात जाणार की मालिशवाल्याकडे, हे त्या नावावर ठरते. म्हणून घरच्यांनी नाव न ठेवता पाहिलेले सांगावे: कोणती बाजू गेली, कपाळाला आठ्या पडतात का, बोलणे अडखळते का, आणि मुख्य म्हणजे माणूस शेवटचा ठीक कधी दिसला होता. साडेचार तासांची मोजणी त्या शेवटच्या उत्तरापासून सुरू होते.