पुराचा इशारा मुंबईतून निघतो, मोहल्ल्यापर्यंत कोण आणतं?

२२ जुलै २०२१. बकरी ईदचा दुसरा दिवस. चिपळूण आणि महाडमधली माणसं ती तारीख विसरलेली नाहीत. वाशिष्ठी आणि सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तळमजले बुडाले, लाईट गेली, मोबाईल बंद पडले. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली आणि ८० हून जास्त माणसं गेली. कोकणातल्या कित्येक मुस्लिम घरांतला कर्ता माणूस आखातात असतो. तिकडून फोनवर फोन लागत होते आणि इकडे रेंज नव्हती.

त्यानंतर एक प्रश्न आपल्याकडे नेहमी विचारला जातो. सरकारकडे हवामान खातं आहे, पाटबंधारे खातं आहे, कलेक्टर आहे, एनडीआरएफ आहे. मग आम्हाला कुणी सांगितलं का नाही? याचं उत्तर हवं असेल तर ही यंत्रणा बांधली कशी आहे ते आधी बघायला लागतं.

पूर्वी आपल्या देशात आपत्तीचं काम म्हणजे घटना झाल्यावर मदत वाटणं. किल्लारीचा भूकंप १९९३ चा, ओडिशाचं महाचक्रीवादळ १९९९ चं, कच्छचा भूकंप २००१ चा, त्सुनामी २००४ ची. मग २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबई बुडाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने आपत्ती व्यवस्थापन कायदा केला. हो, २०२० चा लॉकडाऊन लागला तो याच कायद्याखाली.

या कायद्याने तीन पातळ्या केल्या. राष्ट्रीय प्राधिकरणाचे अध्यक्ष पंतप्रधान, राज्याच्या प्राधिकरणाचे मुख्यमंत्री आणि जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे जिल्हाधिकारी. दिल्लीत धोरण आणि मार्गदर्शक सूचना ठरतात, प्रत्यक्ष जबाबदारी राज्याची असते. पण आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा माणूस कलेक्टर. आपत्तीच्या वेळी तो रस्ता बंद करू शकतो, वस्ती रिकामी करायला लावू शकतो, बोटी, ट्रक, जेसीबी मिळवू शकतो. जिल्ह्याचा आपत्ती आराखडा त्याच्याच कार्यालयात तयार होतो आणि तो दरवर्षी तपासून सुधारायचा असतो. कुठली गावं पुराच्या पट्ट्यात, कुठे दरडीचा धोका, निवारा कुठल्या शाळेत, हे त्यात लिहिलेलं असायला हवं. आपल्यापैकी किती जणांनी आपल्या गावाचं नाव त्यात शोधलंय?

आता चिपळूणचंच उदाहरण घेऊ, कारण खात्यांचा ताळमेळ म्हणजे काय ते तिथे नीट कळतं. पावसाचा अंदाज देणार हवामान खातं. पण वाशिष्ठीत फक्त पावसाचं पाणी येत नाही. कोयनेच्या वीजघरांतून सोडलेलं पाणी कोळकेवाडीला येतं आणि तिथून पुढे वाशिष्ठीत. म्हणजे वीजनिर्मितीवाले आणि जलसंपदा खातं, दोघांनी कलेक्टर कचेरीला वेळेवर कळवायला पाहिजे. त्यात समुद्राला भरती असेल तर दाभोळच्या खाडीकडे पाण्याचा निचरा होत नाही, ते मागे तुंबतं. म्हणजे भरतीचं वेळापत्रकही बघायला हवं. एका खात्याचा फोन अर्धा तास उशिरा गेला, तर खालच्या आळीत तेवढ्या वेळात पाणी घरात आलेलं असतं.

हा निरोप खाली येतो कसा? हवामान खात्याचा इशारा मंत्रालयातल्या राज्य नियंत्रण कक्षाकडे आणि जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे जातो. तिथून प्रांत, तहसीलदार, नगरपरिषद, मग तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील. यातल्या रंगांचा अर्थ बरेच जण चुकीचा लावतात. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे आता हालचाल करा. रेड अलर्ट देऊन पाऊस कमी पडला की आपण हवामान खात्याची थट्टा करतो, आणि पुढच्या वेळी जागचे हलत नाही. ही थट्टा महागात पडते.

एनडीआरएफबद्दलही एक गैरसमज आहे. देशात त्यांच्या १६ बटालियन आहेत, महाराष्ट्रातली पुण्याजवळ सुदुंबरे इथे आहे. माणसं उत्तम तयारीची आहेत, त्यात शंका नाही. पण सुदुंबऱ्याहून कोकणात यायचं तर घाट उतरायला लागतो, आणि मोठ्या पावसात घाटात दरड असते, हायवेवर पाणी असतं. म्हणूनच आता पावसाळ्यात त्यांच्या तुकड्या महाड, चिपळूणसारख्या ठिकाणी आधीच आणून ठेवतात. तरीही पहिले काही तास शेजारीच शेजाऱ्याला बाहेर काढतो. भिवंडीत सप्टेंबर २०२० मध्ये तीन मजली इमारत पडली, तेव्हाही ढिगाऱ्याला पहिला हात रहिवाशांनीच लावला होता.

ओडिशाने नेमकी हीच कडी पक्की केली. १९९९ च्या वादळात तिथे सुमारे १० हजार माणसं गेली. २०१९ मध्ये फनी वादळ आलं तेव्हा सुमारे १२ लाख लोकांना आधीच हलवलं आणि राज्यातले मृत्यू शंभराच्या आत राहिले. मधल्या वीस वर्षांत तिथे निवारे बांधले गेले आणि गावोगावी स्वयंसेवक तयार झाले. कुणी कुणाच्या दारावर थाप मारायची, हे आधीच ठरलेलं असतं.

आपल्याकडे त्यासाठी ‘आपदा मित्र’ योजना आहे. कलेक्टर कचेरीमार्फत तरुणांना बचावकार्याचं आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण मिळतं. आमच्या मते प्रत्येक जमातीने आपल्या गावातली दोन-चार मुलं आणि मुलीसुद्धा त्यासाठी पाठवायला हव्यात. मशिदीचा माईक, मदरशाची पक्की इमारत, जमातीकडची घरांची यादी, या गोष्टी तहसीलदारांना माहीत असतील तर आराखड्यात येतील. ज्या घरात फक्त म्हातारी दादी आणि लहान मुलं आहेत त्यांची वेगळी यादी करा. मोबाईलवर मोठ्याने वाजणारा सरकारी अलर्ट त्या भागातल्या टॉवरवरच्या फोनवर येतो. दुबईतल्या मुलाच्या फोनवर तो येणार नाही.

शहरांसाठी २०२५ च्या दुरुस्तीने नवी तरतूद झाली आहे. महानगरपालिकांच्या शहरांसाठी राज्य सरकार आता वेगळं नागरी प्राधिकरण नेमू शकतं. मालेगाव, भिवंडीसारख्या दाट वस्तीच्या शहरांत त्याचं पुढे काय होतंय, हे नगरसेवकांना विचारत राहिलं पाहिजे.

राहिला पैशाचा भाग. मदत राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून येते. महाराष्ट्रात त्यातला ७५ टक्के वाटा केंद्राचा, २५ टक्के राज्याचा. मृत्यू झाल्यास वारसाला ४ लाख रुपये मिळतात. पण या सगळ्याचा पाया म्हणजे तलाठ्याचा पंचनामा. चिखल काढायच्या आधी घराचे, दुकानाचे फोटो काढा. रेशन कार्ड, आधार, बँक पासबुक आणि घराचा उतारा प्लास्टिकच्या पिशवीत वरच्या मजल्यावर ठेवा, आणि त्यांचे फोटो परदेशातल्या माणसाकडे पाठवून द्या. तेवढ्यापुरता तो दुबईत असल्याचा फायदाच.

पंचनाम्यातून नाव सुटलं तर तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. याच कायद्याचं कलम ६१ सांगतं की मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यावरून भेदभाव करता येणार नाही. तसं झाल्याचं वाटलं तर अर्जात या कलमाचा नंबर घाला. जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७ आहे. तो घरातल्या सगळ्यात लहान फोनवाल्यालाही पाठ असू द्या.