धम्मयात्रेहून आल्यावर एकच पाय सुजला तर

आपल्या उमेळ्यासारख्या वस्त्यांतून माणसं बसने बोधगया, सारनाथ, कुशीनगर आणि सीमेपलीकडे नेपाळात लुंबिनीला जाऊन येतात. घरी आल्यावर सून मायेने सासूबाईंचे सुजलेले पाय तेल लावून चोळायला बसते. थांबा, आधी पाय नीट बघा.

दोन्ही पावलं सारखी सुजली असतील तर पाय उशीवर ठेवल्याने सूज बहुधा एक-दोन दिवसांत उतरते. पण एकाच पायाची पोटरी सुजली, दुखते, गरम लागते, तर आतल्या शिरेत रक्ताची गाठ असू शकते. तासन् तास बसून राहिल्याने पायातलं रक्त साकळतं. परतल्यावरही काही आठवडे हा धोका असतो.

असा पाय चोळू नका. गाठ सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि बसचा प्रवास आवर्जून सांगा. दम लागला, छातीत दुखलं तर लगेच १०८ ला फोन करा.

वाटेत शौचालय मिळणार नाही म्हणून बायका पाणी पीत नाहीत, जागेवरून उठतही नाहीत. आयोजकांनो, दर दोन तासांनी शौचालय असेल तिथे बस थांबवा, सगळ्यांना थोडं चालवा.