प्रिंटरच्या खोलीतली हवा

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



ऊस नोंदीच्या दिवसांत गट कार्यालयात गर्दी झाली की एक तक्रार हमखास कानावर येते. "साहेब, या खोलीत कसलासा जळका वास येतो, डोकं धरतं." तक्रार खोटी नाही. खिडक्या बंद आणि कोपऱ्यात लेसर प्रिंटर सकाळपासून तापलेला. आपण घटकाभर थांबून घरी जातो. तिथले कारकून मात्र आठ-आठ तास त्याच हवेत बसतात, आणि ती आपल्याच सभासदांच्या घरची मुले-मुली आहेत. म्हणून हा विषय घेतला.

लेसर प्रिंटरमध्ये ओली शाई नसते. टोनर म्हणजे प्लॅस्टिकची बारीक भुकटी, काळ्या रंगासाठी त्यात काजळी. ती विजेच्या भाराने कागदावर ओढली जाते आणि तापलेल्या रुळाखाली वितळून पक्की बसते. हा रूळ दोनशे अंशांच्या आसपास तापतो. त्या उष्णतेने टोनरमधून आणि कागदातून वाफा सुटतात. पुढचे गुऱ्हाळ पाहिलेल्याला सांगायला नको. काहिलीची वाफ वर गार हवेला लागली की तिचे धुके होते. तसेच या वाफांचेही थेंब बनतात. फक्त ते इतके सूक्ष्म, की एका केसाच्या जाडीत शेकडो मावतील. ते डोळ्यांना दिसत नाहीत, नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात.

याचा शोध लागला तोही उसाच्याच मुलखात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात ब्रिस्बेनच्या विद्यापीठात लिडिया मोराव्स्का यांच्या पथकाने कार्यालयांतील ६२ प्रिंटर तपासले आणि २००७ साली निष्कर्ष छापले. ३७ प्रिंटर जवळजवळ निर्दोष निघाले, पण १७ प्रिंटर भरपूर कण सोडणारे होते. कामाच्या वेळात खोलीतील कण पाचपट वाढत. म्हणजे सगळी यंत्रे सारखी नाहीत, आणि बाहेरून पाहून ओळखू येत नाहीत. पानावर काळे जास्त, तर कणही जास्त. जर्मनीत तर 'ब्लू एंजल' या पर्यावरण चिन्हासाठी प्रिंटरने किती कण सोडावेत याची मर्यादाच घातली आहे. नवी यंत्रे घेताना आपणही विचारायला काय हरकत आहे?

प्रमाण मात्र सोडू नये. ज्या घरात बंद स्वयंपाकघरात चूल पेटते, तिथल्या माउलीला याहून कितीतरी जास्त धूर खावा लागतो. आणि फडात पाचट पेटवून देणाऱ्याने प्रिंटरला नावे ठेवावीत, हे काही आम्हाला पटत नाही! तरी दम्याच्या माणसाला बंद खोलीतला थोडा त्रासही पुरे होतो.

उपाय खर्चाचे नाहीत. प्रिंटर कारकुनाच्या कोपरापाशी नको, खिडकीजवळ ठेवावा. त्याची गरम हवा कोणाच्या तोंडावर येऊ नये. एसीच्या खोलीत तर अधूनमधून खिडकी उघडावीच लागते, कारण साधा एसी तीच हवा फिरवतो. वजनकाट्यावर जिथे जुना खडखड करणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे, तो केवळ आवाजापायी काढू नये. त्यात फितीवर सुया आपटतात, टोनर वितळवावा लागत नाही.

टोनर सांडला तर केरसुणी मारू नका, सगळी भुकटी हवेत उडते. तोंडाला रुमाल बांधून गार पाण्याच्या ओल्या फडक्याने टिपावा. गरम पाण्याने तो चिकटून बसतो. रिकामी कार्ट्रिज बंबात घालू नयेत. आणि सभासदांना एक विनंती : सातबाऱ्याची एक प्रत लागत असेल तिथे "असू द्या" म्हणून तीन काढायला लावू नका.