दुपारचा आकडा

मांजराच्या कानाच्या कडेलगत एक बारीक नीला असते. ती आणि कानाची कड यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत सुई टोचली की मोहरीएवढा थेंब येतो आणि ग्लुकोमीटरच्या स्ट्रिपला तेवढा पुरतो. कान गार असेल तर मात्र काही केल्या रक्त निघत नाही. म्हणून ठाण्यातल्या एका निवृत्त जोडप्याच्या घरी सकाळी सातला आधी कोमट पाण्यात पिळलेला रुमाल गुंड्याच्या कानावर धरला जातो. मग कानामागे टिश्यू पेपरची घडी, लॅन्सेट, स्ट्रिप. काकू धरतात, काका टोचतात. गुंड्याचं सगळं लक्ष समोरच्या वाटीकडे असतं.

नसबंदी झालेला, दहाव्या वर्षात आलेला, खिडकीतून कबुतरं बघण्यापलीकडे हालचाल नसलेला आणि एके काळी साडेसात किलो भरलेला हा बोका. मांजरांच्या मधुमेहाला नेमकं असंच गिऱ्हाईक लागतं. हा आजार बराचसा माणसांच्या टाइप २ सारखा असतो: चरबीमुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो आणि ते पुरवता पुरवता स्वादुपिंड थकतं. गुंड्या पाण्याच्या भांड्यापासून हलेना, लिटर बॉक्समधले ओले गोळे मोठे होऊ लागले, खाऊनही वजन उतरत गेलं. पुढे तो मागचे पाय घोट्यापर्यंत जमिनीला टेकवून चालायला लागला. वाढलेल्या साखरेनं नसांवर परिणाम झाला की मांजरं अशी चालतात.

दवाखान्यात त्याची शुगर ३८० निघाली, पण डॉक्टरबाईंनी तेवढ्यावर निदान केलं नाही. पिंजरा, रिक्षा, शेजारचं भुंकणारं कुत्रं एवढ्यानंही निरोगी मांजराची शुगर ३०० च्या वर जाऊ शकते. त्यांनी लघवीतली साखर बघितली आणि फ्रुक्टोसामाइनची तपासणी केली. ही तपासणी गेल्या एक-दोन आठवड्यांची सरासरी सांगते, त्यामुळे घटकाभराच्या भीतीनं ती फसत नाही. त्याच कारणासाठी पुढची मोजणी घरी करायचं ठरलं.

काकांना स्वतःला मधुमेह आहे, त्यामुळे घरात मीटर होताच. माणसांचा मीटर मांजराची शुगर बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो, कारण रक्तपेशी आणि प्लाझ्मा यांच्यात साखर विभागली जाण्याचं प्रमाण दोघांत वेगळं असतं. मांजरांसाठीचे मीटर आहेत, पण त्यांच्या स्ट्रिप महाग पडतात. डॉक्टरबाईंचं म्हणणं, मीटर एकच ठेवा, सारखा बदलू नका, आणि धोक्याची रेषा ठरवताना हा फरक मी धरीन.

खरी जोखीम फ्रिजमध्ये होती. भारतात इन्सुलिन मुख्यतः दोन तीव्रतांमध्ये विकलं जातं. काकांच्या बाटलीत एका मिलिलिटरला ४० युनिट, गुंड्याच्या ग्लार्जिन या इन्सुलिनमध्ये १००. पहिल्याची सिरिंज लाल टोपणाची, दुसऱ्याची केशरी. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ग्लार्जिन एका रेघेपर्यंत भरलं, तर एक समजून अडीच युनिट आत जातील. माणसाला त्यातून कदाचित निभावता येईल. साडेपाच किलोच्या बोक्याच्या जिवावर बेतेल. म्हणून काकांचा डबा वरच्या कप्प्यात आणि गुंड्याचा खालच्या. गुंड्याच्या डब्यात ०.३ मिलिलिटरच्या, अर्ध्या युनिटच्या रेघा असलेल्या सिरिंज असतात. त्या प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाहीत, सांगून मागवाव्या लागतात.

सुरुवात दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतरानं, एकेक युनिटनं झाली. आठवड्यानं पहिला आलेख काढला: सकाळी सात ते संध्याकाळी सात, दर दोन तासांनी कान. वहीत आकडे असे पडले: ३१८, २४१, १६३, ११२, १२८, २०५, २८७.

पहिला आकडा बघूनच काकांनी ठरवलं होतं, "तीनशे अठरा! अर्धा युनिट वाढवू या की."

"अहो, दुपारचा आकडा येऊ दे आधी," काकू म्हणाल्या.

काकूंचं बरोबर होतं. डोस ठरतो तो तळाच्या आकड्यावर. इन्सुलिन सर्वांत जोरात असताना शुगर कुठवर उतरते हे बघायचं आणि तो तळ साधारण ८० ते १५० मध्ये असला तर हात आवरायचा, मग सकाळी मीटर काहीही दाखवो. सकाळच्या ३१८ साठी अर्धा युनिट वाढवला असता, तर दुपारचा ११२ आणखी खाली गेला असता.

मग खाणं बदललं आणि गणित पुन्हा हललं. मांजर मुळातच मांसाहारी. पिष्टमय खाण्यातून एकदम येणारी साखर उचलून घेणारं ग्लुकोकायनेज हे एन्झाइम त्याच्या यकृतात जवळजवळ काम करत नाही. कॅटफूडच्या कोरड्या दाण्यांना आकार देण्यासाठी मात्र पीठ लागतंच. दाणे बंद करून कमी कर्बोदकांचं वेट फूड सुरू झालं, तेही हळूहळू आणि आठवड्यातून अनेकदा शुगर मोजत. तरी एका दुपारी गुंड्या सोफ्यावरून उतरताना लडखडला. मीटरवर ५४.

काकूंनी बोटावर मध घेऊन त्याच्या हिरड्यांना चोळला. शुद्ध हरपत असलेल्या मांजराच्या घशात पाणी किंवा सरबत ओतलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं, हे त्यांना आधीच बजावलेलं होतं. मग वाटीत खाणं, पंधरा मिनिटांनी कान, पुन्हा खाणं, पुन्हा कान. तासाभरात आकडा १२० वर आला. डॉक्टरबाईंनी फोनवरून संध्याकाळचं इंजेक्शन रद्द केलं आणि डोस अर्ध्या युनिटवर आणला.

दुसऱ्या सकाळी मीटर ३९० दाखवत होता आणि काकांचा हात पुन्हा शिवशिवला. पण एक डोस चुकल्यावर शुगर चढणारच. शिवाय ती फार घसरली की शरीर स्वतःच ग्लुकागॉन, अ‍ॅड्रेनलिन, कॉर्टिसॉल सोडून यकृतातली साखर बाहेर काढतं. अशा उसळीला जास्तीच्या इन्सुलिननं उत्तर दिलं तर पुढची घसरण ठरलेली. अर्धा युनिट कायम राहिला.

एवढी उस्तवार कशासाठी? तर मांजराचा मधुमेह पुष्कळदा माघार घेतो म्हणून. कर्स्टन रूम्प आणि जॅकी रँड यांनी २००९ मध्ये ५५ मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ग्लार्जिन, कमी कर्बोदकांचं खाणं आणि घरी काटेकोर मोजणी यांवर त्यांतल्या ६४ टक्के मांजरांचं इन्सुलिन सुटलं. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत हा क्रम सुरू झालेल्यांत तर ८४ टक्क्यांचं. २०२२ पासून अमेरिकेत मांजरांसाठी तोंडानं देण्याच्या औषधांनाही मान्यता मिळू लागली आहे. मात्र इन्सुलिनवर असलेल्या मांजरांसाठी ती नाहीत.

गुंड्या आता नीट पायांवर चालतो, अर्धा युनिट घेतो आणि शुगर मोजणारा सेन्सर अंगावर लावला तर मागच्या पायानं खरवडून काढतो, म्हणून कान सुटलेला नाही. पुढच्या महिन्यात जोडप्याला भाचीच्या लग्नाला नाशिकला जायचंय. समोरच्या फ्लॅटमधली कॉलेजातली मुलगी रोज संध्याकाळी येऊन टोचायला शिकते आहे.

"काकू, चारशे आला तर?"

"तरी अर्धाच."

"आणि नव्वद आला तर?"

"तर सिरिंज भरायचीच नाही. आधी त्याला खायला घाल, मग आम्हाला फोन लाव."