हृदयाचा उपचार योजनेतून : रुग्णालय कसे निवडावे?

छातीवर दडपण येऊन दरदरून घाम सुटला, दुखणे डाव्या हातात किंवा जबड्यात जाऊ लागले, तर रुग्णालयांची यादी पाहत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा. तातडीच्या वेळी दाखल झाल्यावर रुग्णालयाला फोनवरून सरकारी आरोग्य योजनेची मंजुरी मागता येते आणि कागद नंतर देता येतात.

पण डॉक्टरांनी ‘ब्लॉकेज आहे, अँजिओप्लास्टी करावी लागेल’ किंवा ‘झडप बदलावी लागेल’ असे सांगून काही दिवसांची सवड दिली असेल, तर त्या दिवसांत नीट चौकशी केल्याने घर कर्जापासून वाचू शकते.

आधी आपला हक्क समजून घ्या. महाराष्ट्रात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते आणि आता केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडलेली आहे. १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या शिधापत्रिकेची कुटुंबेही तिच्यात आली. संरक्षण वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे आहे, पण ते माणशी नसून संपूर्ण कुटुंबाचे मिळून आहे. घरात आधी कुणावर उपचार झाले असतील, तर किती रक्कम उरली आहे ते विचारून घ्या.

दुसरी पायरी रुग्णालयाची. योजनेत सामील असलेल्या रुग्णालयाला अंगीकृत रुग्णालय म्हणतात. दारावर योजनेचा फलक दिसला की लोक निर्धास्त होतात, आणि फसगत तिथेच होते. रुग्णालय योजनेत असले तरी सगळ्या आजारांसाठी असतेच असे नाही. हाडांच्या शस्त्रक्रियांसाठी घेतलेले रुग्णालय हृदयासाठी नसू शकते. हृदयातही अँजिओप्लास्टी एका विभागात येते, तर बायपास आणि झडपेची शस्त्रक्रिया दुसऱ्या विभागात. म्हणून १५५३८८ किंवा १८००२३३२२०० या विनाशुल्क क्रमांकावर फोन करून नेमके विचारा : ‘आमच्या जिल्ह्यात अमुक उपचारासाठी कोणती रुग्णालये आहेत?’

रुग्णालयात गेल्यावर प्रथम आरोग्यमित्राला भेटा. रुग्णाला मदत करण्यासाठीच योजनेने त्याला तिथे नेमलेले असते. त्याला चार प्रश्न विचारा. हा उपचार इथे योजनेत बसतो का? फक्त अँजिओग्राफी करून ब्लॉकेज निघाले नाही, तर तिचा खर्च कोण करणार? स्टेंट पॅकेजमध्येच आहे ना? मंजुरीला किती वेळ लागेल?

सोबत शिधापत्रिका, आधार कार्ड, आयुष्मान कार्ड असल्यास ते, आणि ईसीजी, टूडी इको, अँजिओग्राफीचे अहवाल न्या. शिधापत्रिकेवर रुग्णाचे नाव नसणे किंवा दोन कागदांवर नाव वेगळे असणे, इथे फाइल अडू शकते. ती दुरुस्ती तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत आधीच करून ठेवा. कागद तपासून रुग्णालय ऑनलाइन पूर्वपरवानगी मागते. ती मिळाली की ठरलेल्या पॅकेजमधले उपचार, औषधे आणि रुग्णाचे जेवण विनाशुल्क असते. तरीही कुणी पैसे मागितले, तर पावती मागा, आरोग्यमित्राला सांगा आणि वरच्याच क्रमांकावर तक्रार नोंदवा.

योजनेची एक मर्यादा आहे. ती मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. दर महिन्याची तपासणी आणि गोळ्या तिच्यात येतीलच असे नाही. त्यासाठी जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयात जा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. स्टेंट बसवल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ घ्याव्या लागतात. त्या तिथे मिळतील का, हे घरी येण्याआधीच विचारा. डॉक्टरांना न विचारता त्या एक दिवसही बंद करू नका.

लहान मुलाच्या हृदयाला छिद्र असेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला भेटा; ते अंगणवाडीत किंवा शाळेत तपासणीला येते. त्यांच्यामार्फत शस्त्रक्रियेची सोय होऊ शकते. आणि जवळचे हृदयरुग्णालय योजनेत नसेल पण धर्मादाय असेल, तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे त्याला बंधनकारक आहे. तिथल्या समाजसेवकाला उत्पन्नाचा दाखला घेऊन भेटा.

घरात हृदयरोगी असो वा नसो, आजच शिधापत्रिका काढून सगळ्यांची नावे आधारशी जुळतात का ते पाहा. आजारपणात अडवणारा कागद आधीच दुरुस्त केलेला असावा.